पल्याडच्या नंबरावर आलेले आकडे

खडेबाजारात भाजीची पिशवी घेऊन उभी असले तरी कोणीतरी ओळखीचं निघतंच आणि विचारतं, "आक्का, ऑफिसचं मेल बघायला कुठला मोबाईल घेऊ?" मी निवृत्त झाले आहे हे त्यांना माहीत असतं. निवृत्त बाईला वेळच वेळ असतो, अशी त्यांची समजूत असावी. कुठला घ्यायचा ते त्यांनी मनात आधीच ठरवलेलं असतं, मेहुण्याकडे आहे तोच. माझ्याकडून नुसतं 'व्हय' पाहिजे असतं. पूर्वी मी पिशवी खाली ठेवून समजावत बसायची. आता 'व्हय' म्हणते आणि कोथिंबीर निवडायला लागते.

या अंकासाठी कामाचे अनुभव लिहा, असा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. उद्यमबागेतल्या एका ओतकामाच्या कारखान्यात मी कॉम्प्युटर खात्यात होते. खातं म्हणजे मी, एक टेबल आणि कायम तापलेली एक छोटी खोली. लोखंड वितळवून पंपांचे आणि ट्रॅक्टरांचे भाग ओतायचे, घासायचे आणि पुण्यापासून हुबळीपर्यंत गिऱ्हाइकांना पाठवायचे, हा कारखान्याचा धंदा. माझा धंदा म्हणजे सगळ्यांचं मेल चालू ठेवणं. चालू असलं की मी कोणाला आठवत नसे. बंद पडलं की मराठी, कानडी, हिंदी अशा तिन्ही भाषांत माझ्या नावाने शंख व्हायचा. "आक्का, मेल बर्ताइल्ला," म्हणत हिशेबखात्यातली मंडळी दारात उभी राहायची. मेल येत नाही म्हणजे मीच ते कुठेतरी दडवून ठेवलं आहे, असे त्यांचे चेहरे असत. अशा कामाबद्दल कोण काय लिहिणार?

पण मग मारुतीअण्णांची आठवण झाली, म्हणून लिहायला बसले आहे.

त्याआधी थोडं धंद्याबद्दल सांगायला हवं. मी हिंडलग्याची. घरी भाताची शेती, दोन म्हशी. सकाळी दूध घालून बस पकडायची आणि संध्याकाळी परत. त्यामुळे ऑफिस ऑफिसच्या जागी आणि घर घराच्या जागी, अशी माझी सवय. मालकांच्या डोक्यात एक दिवस आलं की फिरतीवरच्या माणसांना रस्त्यातच मेल दिसलं पाहिजे. गिऱ्हाईक सकाळी विचारतो आणि आमचा माणूस कारखान्यात परत येऊन चौथ्या दिवशी उत्तर देतो, हे आता चालणार नाही. सगळ्यांना फोन द्या. कुठला द्यायचा ते आक्का ठरवतील. मी काही फोनमधली तज्ज्ञ नव्हते. पण कारखान्यातली प्रत्येक वायर फिरून फिरून माझ्या खोलीत यायची, तसं हेही आलं.

दुकानदार विचारतो, कॅमेरा केवढा पाहिजे? मी विचारायची, घरी गेल्यावर फोन कुठं ठेवता? लोक हसायचे. पण फोन निवडताना माझा पहिला प्रश्न तोच असे. देव्हाऱ्याशेजारी, असं उत्तर आलं तर त्या माणसाचा फोन घरातली पाचही माणसं वापरतात, असं समजायचं. त्याला ऑफिसच्या मेलवर वेगळं कुलूप लागेल. खिशात, असं म्हणाला तर विचारायचं की शर्टाच्या का पँटच्या, आणि गोठ्यात जाताना काढता का. मग चष्मा. नकाशा मेलवर येतो, त्यातलं बारीक माप उन्हात उभं राहून वाचता येईल एवढा पडदा हवा. शेवटी बॅटरी, कारण एसटीत फोन चार्ज करायची सोय नसते. या सगळ्यातून उरेल तो फोन. बहुतेक वेळा तो दिसायला ओबडधोबड असायचा आणि माणूस नाराज होऊन जायचा.

आमच्या भागात याशिवाय एक अडचण होती, ती पुण्या-मुंबईच्या लोकांना समजावून सांगताना माझी दमछाक व्हायची. बेळगावातून निघालेला माणूस निपाणी ओलांडून कागलकडे गेला की फोनच्या दृष्टीने तो परगावचा होत असे. राज्य बदललं की रोमिंग. आलेला फोन नुसता उचलला तरी पैसे कापले जायचे. म्हणून सगळ्यांकडे दोन कार्डं असत, एक अल्याडचं म्हणजे कर्नाटकातलं, आणि एक पल्याडचं, महाराष्ट्रातलं. पल्याडचं कार्ड मिळायला पल्याडचा पत्ता लागे. ते काही कोणाचं अडलं नाही. आमच्या निम्म्या मुली पल्याड दिलेल्या आणि निम्म्या सुना पल्याडहून आलेल्या. कोणाचं कार्ड बहिणीच्या नावावर, कोणाचं मेहुण्याच्या, कोणाचं सासऱ्याच्या. सासऱ्याशी वाजलं तर कार्ड बंद होईल, या भीतीने गुमान राहिलेले जावई मी पाहिले आहेत.

आणि त्या काळात मेलसाठी नावाजलेले जे फोन होते, त्यांत कार्ड एकच बसायचं.

विक्री खात्याच्या देसाईसाहेबांना मात्र तसलाच पाहिजे होता. मुंबईच्या एका पाहुण्याच्या हातात त्यांनी तो बघितला होता, बारक्या बारक्या बटणांचा. "आक्का, माणसाची किंमत फोनवरून करतात," असं त्यांचं म्हणणं. घेतला. मग पल्याडच्या कार्डासाठी दुसरा साधा फोनही घेतला, आणि पट्ट्याला डाव्या-उजव्या बाजूला दोन पाकिटं लावून ते फिरायला लागले. बटणं इतकी लहान की त्यांच्या जाड अंगठ्याखाली एका वेळी तीन दाबली जायची. कंटाळून त्यांनी एकच शब्द पाठ केला, 'नोटेड'. गिऱ्हाइकाने माल मागितला, नोटेड. माल फुटका निघाला, नोटेड. कोणी तरी वडील वारल्याचं कळवलं, त्यालाही नोटेड गेलं. ते निस्तरायला मला आणि त्यांना मिळून दोन आठवडे लागले. नंतर त्यांनी तो फोन बायकोला दिला आणि माझ्याकडे येऊन हळूच म्हणाले, "तुमचा तो ओबडधोबड आहे का अजून शिल्लक?"

खरेदीतल्या ज्योतीचं वेगळंच. ती वडगावची, विणकरांच्या घरातली. पुढच्या सोप्यात माग आणि मागच्या खोलीत संसार. मागांच्या खटखटीत शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, तिथे मेलची घंटी कुठली ऐकू येणार? भंगार-लोखंडाच्या भावाचं मेल आलं आणि तासाभरात उत्तर गेलं नाही की भाव बदललेला असे. तिला मी कॅमेरा, पडदा काही न बघता सगळ्यात जोरात थरथरणारा फोन शोधून दिला. दुकानातले सगळे फोन हातात धरून थरथरवून बघितले. दुकानदाराला वाटलं बाईचं डोकं फिरलंय. ज्योती तो कमरेला खोचून कांड्या भरायला बसायची. काही दिवसांनी म्हणाली, "आक्का, फोन चांगला हाय. पण आता साहेबांचं मेल आलं की पोटात दोनदा हलतंय. एकदा फोन हलतोय म्हणून, आन एकदा साहेबांचं हाय म्हणून."

मी हसले तेव्हा. पण ती गंमत म्हणून सांगत नव्हती, हे नंतर लक्षात आलं. मला वाटायचं, मी या माणसांना सोय करून देते आहे. आता मेलसाठी ऑफिसला परत यायला नको, रस्त्यातून उत्तर दिलं की काम संपलं. झालं उलटंच. ऑफिसच त्यांच्या मागे मागे गोठ्यात, मागावर, सोयरिकीत जाऊन बसलं. याचा मला कंटाळाही आला आणि वाईटही वाटलं. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत कोणाला नवा फोन देताना अभिनंदन करायचं मी बंद केलं होतं.

आता मारुतीअण्णा. ते नंदगडच्या पुढच्या एका खेड्यातले. अगदी तरुणपणी कारखान्यात आले ते फेटलिंगला. ओतून आलेल्या भागाच्या कडेला लोखंडाचे जादा कंगोरे राहतात, ते फिरत्या चाकावर घासून काढायचे, त्याला फेटलिंग म्हणतात. तिथली धूळ नाकातोंडात जाते आणि छातीत बसते. बरीच वर्षं ते काम केल्यावर त्यांना खोकला जडला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, धुळीत परत पाऊल टाकायचं नाही. तेव्हाचे मालक भले होते. त्यांनी मारुतीअण्णांना फिरतीवर घातलं. गिऱ्हाइकाने माल अडवला की तिथे जायचं, भाग हातात घेऊन बघायचे, आणि हा चालेल, हा परत घ्या, असा निर्णय द्यायचा. खोकला कमी झाला. अंगावर थोडं मांस आलं. फिरती म्हणजे त्यांचं औषधच होतं म्हणा ना.

फोन निवडायला ते माझ्यापुढे बसले तेव्हा मी घरातला प्रश्न विचारला आणि मग म्हटलं, जरा हा काचेचा वापरून बघा. त्यांनी बोट टेकवलं. काही झालं नाही. परत टेकवलं, दाबलं, फिरवलं. फोन ढिम्म. मी त्यांचा हात हातात घेऊन बघितला. बोटांची टोकं गुळगुळीत, एकही रेघ नाही. चाकावर भागाबरोबर तीही घासली गेली होती. रेशनच्या दुकानात अंगठा उमटत नाही म्हणून त्यांची बायको जायची, हे तेव्हा कळलं. मी त्यांना बटणांचा, दोन कार्डांचा फोन दिला. दोन्ही कार्डं बसली. अल्याडचं त्यांचं, पल्याडचं त्यांच्या धाकट्या बहिणीच्या, शालनच्या नावावर. ती कागलजवळच्या एका गावात दिलेली. कितीतरी वर्षं तो फोन चालला. मला स्वतःला, खोटं कशाला बोलू, त्या निवडीचा अभिमान आहे.

मग बटणांच्या फोनवर मेल येणं बंद झालं. सगळ्यांना काचेचे फोन आले, मारुतीअण्णांनाही; ते तो कसाबसा चालवायचे. त्याच वेळी मेलला दुहेरी कुलूप लागलं. नव्या फोनवर मेल घालायचं म्हणजे नुसता पासवर्ड पुरत नाही. आपण दिलेल्या मोबाईल नंबरवर सहा आकडे येतात, ते थोड्या वेळात टाकावे लागतात, नाहीतर ते बाद होतात. एकदा टाकले की फोन बदलेपर्यंत परत कोणी विचारत नाही. नंबर कुठला देऊ, म्हणून मारुतीअण्णांनी विचार केला आणि पल्याडचा दिला, कारण फिरतीत तोच लागायचा. त्यांच्यासारखं बऱ्याच जणांनी केलं. पुढे रोमिंग गेलं, पल्याडच्या कार्डाची कोणाला गरज राहिली नाही. काहींनी ते टाकून दिलं. मारुतीअण्णांनी बहिणीला नेऊन दिलं, तुझंच आहे, तू वापर म्हणून. मेलचे आकडे त्या नंबरावर येतात, हे ते विसरले. मीही विसरले.

त्यानंतर कारखाना पुण्याच्या एका मोठ्या कंपनीने घेतला. मेलच्या सगळ्या चाव्या तिकडे गेल्या. माझ्याकडे टेबल राहिलं. नवे व्यवस्थापक आले, तरुण, नीटनेटके, आवाज न चढवणारे. त्यांनी शांतपणे एक नियम लावला. जुने फोन सुरक्षित नाहीत, महिनाअखेरपर्यंत प्रत्येकाने नव्या फोनवर मेल घालून घ्यायचं. ज्याचं मेल फिरतीत चालणार नाही, त्याला फिरतीवर ठेवण्यात अर्थ नाही, त्याने आपल्या मूळ खात्यात जावं. मी त्यांना जाऊन सांगितलं की मारुतीअण्णांचं मूळ खातं फेटलिंग आहे. ते म्हणाले, "मॅडम, मग त्यांचं मेल चालू करा ना. प्रश्नच मिटला." त्यांचं काही चुकलं असं नाही म्हणता येणार.

मी कामाला लागले. मारुतीअण्णांसाठी फोन निवडणं हे माझ्या नोकरीतलं शेवटचं मनापासून केलेलं काम. काच तर आता सुटणार नव्हती, म्हणून पोटात पेन खोचलेला फोन शोधला. बोट उमटलं नाही तरी पेन उमटतं. अंगठ्याचं कुलूप काढून चेहरा बघून उघडणारं लावलं. पुण्याच्या मंजूर फोनांत तो बसतो का, ते बघून घेतलं. महिनाअखेरच्या आदल्या दुपारी मारुतीअण्णांना खोलीत बोलावलं, त्यांचं मेल घालायला घेतलं आणि पडद्यावर आलं की आकडे पाठवले आहेत. खाली नंबराचे शेवटचे दोन अंक दिसत होते. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी पडद्याकडे बघितलं आणि खुर्चीत मागे सरकले.

"हे शालनकडं गेले," ते म्हणाले.

"मग करा की फोन बहिणीला. वाचून दाखवतील त्या."

"ती माज्याशी बोलत न्हाय, आक्का. दोन वर्सं झाली. फोन केला तर उचलत न्हाय."

आकडे बाद झाले. मी पुण्याला फोन लावला. तिथल्या मुलाने गोड आवाजात सांगितलं की नंबर बदलायचा अर्ज करा, आठ-दहा दिवसांत होईल. मी म्हटलं, उद्या शेवटचा दिवस आहे. तो म्हणाला, अर्ज करा.

मारुतीअण्णा उठले. "ऱ्हाऊ द्या. जातो मी फेटलिंगला. तोंडाला फडकं बांदतो."

मला इतका राग आला की मी त्यांना खांद्याला धरून बसवलं. बहिणीपुढे मान खाली घालायला जड जातं आणि धूळ खायला जात नाही का, असं काहीतरी बोलले. आमच्यात इतकं बोलण्याची पद्धत नव्हती. मग त्यांनी सांगितलं.

शालनच्या मुलीचं लग्न निपाणीच्या एका कार्यालयात होतं. मामा एकच, हेच. नवरी गौरीहरापाशी बसते, अंतरपाट धरला की मामाने तिचा हात धरून तिला बोहल्यावर आणायचं. शालनचे आईवडील नाहीत, तेव्हा माहेरचं माणूस म्हणून तिथे उभं राहायला दुसरं कोणी नव्हतं. आणि नेमकं त्या वेळी मेल आलं. पुण्याजवळच्या गिऱ्हाइकाने सबंध गाडी दारात अडवली होती. भागावर डाग आहे, फोटो जोडला आहे, वापरू का परत पाठवू, आत्ता सांगा. उत्तर मारुतीअण्णांच्याच मेलवरून जायला हवं, असा त्या गिऱ्हाइकाचा नियम. कार्यालयावर पत्रा, आत रेंज येऊन-जाऊन, आलेलं मेल दिसलं पण उत्तर जाईना. एका ओळीचं काम, म्हणून ते रस्त्यावर आले.

त्या दिवशीचा तो फोन मला आठवतो. "आक्का, डाग वरवरचा हाय, वापरायला हरकत न्हाय, हे इंग्रजीत कसं लिवू?" मी एकेक शब्द सांगितला, अक्षरं सांगितली. मागे मंगलाष्टकं ऐकू येत होती. मी विचारलं, लग्नात आहात का? ते म्हणाले, "न्हाय, शेजारी कुणाचं तरी हाय." आणि पुढचा शब्द विचारला.

हे सगळं त्यांनी खाली बघत सांगितलं. मी मग माझ्या फोनवरून शालनताईंचा नंबर लावला. आकडे लिहून घेता यावेत म्हणून आवाज मोठा करून टेबलावर ठेवला, आणि दुसऱ्या हाताने मेलला आकडे पाठवायला सांगितलं.

फोन उचलला गेला. मी कोण, कुठून बोलते, आणि त्यांच्या फोनवर सहा आकडे आले असतील ते हवे आहेत, एवढं सांगितलं.

"आलेत की," तिकडून आवाज आला. "मगाधरनं येऊन पडलेत. ही कुणाची भानगड म्हणून बघायले. कुणाला पायजेत?"

"मारुतीअण्णांना."

मग, "हाय का तितं?"

"समोर बसलेत."

"मग त्याला बोलू द्या. आकडे मी त्यालाच देणार."

मारुतीअण्णा फोनकडे वाकले. "शालन," एवढंच म्हणाले.

"आकडे देते. पण आदी माजं ऐक. अंतरपाट धरला, भटजी मामा कुटं मामा कुटं म्हणून हाका मारायलेत, आन माजी पोर आत बसलीया, मामा येईल म्हणून. उठंना ती. शेवटाला चुलत्यानं हात धरून आणली. फोटोत बघ जाऊन. तुज्या जागी चुलता हाय."

"व्हय."

"व्हय काय व्हय? सासरच्या बायका इचारायल्यात, मामा रुसला काय, देण्याघेण्यावरनं काय झालं काय. मी काय सांगू त्यास्नी? माजा भाऊ रस्त्यावर हुबा ऱ्हाऊन फोनात बोटं घालायलाय म्हणून सांगू? एका वळीचं काम म्हणून गेलास न्हवं? एका वळीला इतका येळ?"

मी पडद्याकडे बघत होते. आकड्यांची वेळ सरत चालली होती. मधे बोलावं का न बोलावं, कळत नव्हतं.

"उमटत न्हवतं गं," मारुतीअण्णा म्हणाले.

"काय उमटत न्हवतं?"

"बोट. काचेवर बोट उमटत न्हाय माजं. घासून गुळगुळीत झाल्यात. एकेक अक्षर धा-धा येळा दाबायचं, तवा एक उमटायचं. मला वाटलं आता हुईल, आता हुईल. आत मंगलाष्टकं चालू झाली ते ऐकू येत होतं. पळत आलतो, शालन. दारातनं बघितलं तर अंतरपाट काढलावता."

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"कदीपास्नं?"

"लई वर्सं झाली."

"आन मला सांगितलं न्हाईस."

"त्यात काय सांगायचं."

"राकी बांदताना हात धरलेला मी तुजा. मला कसं दिसलं न्हाय?" असं त्यांनी स्वतःलाच विचारल्यासारखं विचारलं. मारुतीअण्णांनी आपले दोन्ही हात टेबलाखाली घेतले, जणू त्या तिकडून बघत होत्या. मी खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर ट्रकमध्ये भाग चढवत होते.

पडद्यावर तांबडी ओळ आली. मी खुणेने दाखवली.

"शालन," ते म्हणाले, "ते आकडे बाद झाले. परत मागवाय लागतील. परत येतील बग तुज्याकडं."

"येऊ देत की," शालनताई म्हणाल्या. "माजं अजून संपलं न्हाय."

दुसरे आकडेही तसेच गेले. त्या वेळात पोरीचं बाळंतपण, जावयाचा स्वभाव आणि कोणी तरी आहेरात दिलेली फाटकी साडी, एवढं ऐकून झालं. तिसऱ्या वेळी त्यांनी आकडे एकेक करून सांगितले, मारुतीअण्णांनी पेनाने एकेक करून टाकले, आणि मेल उघडलं. आत साठलेली मेलं धडाधड यायला लागली. त्यांनी फोन उलटा करून टेबलावर ठेवला आणि बहिणीशी बोलत राहिले.

फोन ठेवल्यावर मी त्यांना म्हटलं, आता आत शिरलोच आहोत तर नंबर बदलून टाकू. तुमचा स्वतःचा घालू, म्हणजे पुढच्या वेळी कोणाकडे मागायला नको. आता त्याला अर्जही लागत नाही.

त्यांनी नव्या फोनचं पेन खोचलं, काढलं, परत खोचलं.

"नको, आक्का. तितंच असू दे. फोन काय, दोन वर्सांनी बदलताच की तुमी."

नियमात ते बसत नव्हतं. आकडे येणारा नंबर कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या हातात असावा, असं पुण्याहून आलेल्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि नियम म्हणून ते बरोबरच होतं. मला त्या दिवशी खूप थकल्यासारखं वाटत होतं. बाहेर अजून चार माणसं आपापले फोन घेऊन उभी होती. प्रत्येक फोनमागे पुण्याला एक फॉर्म पाठवायचा असे, त्यात 'हा नंबर कोणाचा' असा एक रकाना होता. मारुतीअण्णांच्या फॉर्मवर मी त्या रकान्यात 'घरचा' असं लिहिलं आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.